निर्बंधित कीटकनाशकाच्या कारखान्यातील कचऱ्याचा माग कसा काढावा: गोव्यातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

एखाद्या कीटकनाशकावर सरकारने निर्बंध घातले की त्याची चर्चा शेतात आणि भाजीबाजारात होते. ते जिथे तयार होते त्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये रचलेल्या पिंपांविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही. हा लेख त्या पिंपांविषयी आहे. ग्रामसभेत प्रश्न विचारू इच्छिणारे नागरिक, नव्याने निवडून आलेले पंच, पर्यावरणाचे वार्तांकन सुरू केलेले पत्रकार आणि महाविद्यालयातील विद्यार्थी यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. या कामात नवीन आलेली बहुतेक मंडळी बाटली घेऊन थेट ओहोळावर जातात. माझा आग्रह वेगळा आहे. प्रथम कारखान्यात किती कचरा निर्माण व्हायला हवा याचा हिशेब मांडावा, मग त्यातला प्रत्येक टन कुठे गेला हे कागदांवर शोधावे आणि हिशेबात तूट दिसली तरच नमुन्याच्या बाटलीला हात घालावा.

आधी निर्बंधाचे स्वरूप समजून घ्या

कीटकनाशकांची नोंदणी, उत्पादन आणि विक्री १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली चालते. या कायद्याखाली निघणाऱ्या आदेशांचे प्रकार एकसारखे नसतात. काही रसायनांचे उत्पादन, आयात आणि वापर पूर्णपणे बंद होतो. काहींचा वापर विशिष्ट पिकांवर किंवा विशिष्ट कामापुरता मर्यादित केला जातो. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई आहे. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये बंद झाला, परंतु हिवतापासारख्या रोगांच्या नियंत्रणासाठी ते पुढेही तयार होत राहिले. तिसरा प्रकार नवख्या माणसाच्या हमखास नजरेतून सुटतो. काही कीटकनाशकांचा देशातील वापर बंद असतो, पण निर्यातीसाठी त्यांचे उत्पादन करण्यास परवानगी असते. कॅप्टाफॉलची ८० टक्के पूड आणि निकोटिन सल्फेट ही त्याची जुनी उदाहरणे आहेत. दुकानात एक पुडीही मिळत नसलेल्या औषधाचा कचरा म्हणूनच आपल्या शेजारच्या औद्योगिक वसाहतीत तयार होत असू शकतो.

आदेशाची तारीख वहीत अवश्य लिहून ठेवावी. ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने मिथाइल पॅराथिऑनसह बारा कीटकनाशके तात्काळ बंद केली, तर डायक्लोरव्हॉस, फोरेट, फॉस्फामिडॉन, ट्रायझोफॉस यांच्यासह सहा औषधांना ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची मुदत दिली. लिंडेनचे उत्पादन मार्च २०११ मध्ये थांबवण्यात आले आणि वापर मार्च २०१३ पासून बंद झाला. अशा मुदतीच्या आसपासचे महिने फार महत्त्वाचे असतात, कारण कालपर्यंत जो विक्रीचा माल होता तो आज मुदतबाह्य साठा, म्हणजे धोकादायक कचरा ठरतो. गोदामातला शिल्लक माल त्या दिवशी किती होता आणि तो पुढे कोणत्या नोंदीत दिसतो, हा तुमच्या शोधातला पहिला नेमका प्रश्न असू शकतो. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे एंडोसल्फानची हवाई फवारणी झाली. ती थांबल्यानंतर आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यानंतरही उरलेली पिंपे तिथल्या गोदामांत दीर्घकाळ पडून होती. काजू पिकवणाऱ्या गोव्याने हे उदाहरण विसरू नये.

एक टन मालामागे किती कचरा?

रसायनशास्त्राची पदवी नसली तरी हा भाग टाळू नये, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. लिंडेनचे उदाहरण घेऊ. त्याचे गणित सोपे आहे आणि परिणाम जगभर नोंदले गेले आहेत. बेंझिनवर क्लोरीनची प्रक्रिया केली की हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन, म्हणजे एचसीएच, नावाचे मिश्रण मिळते. त्यात एकाच रेणुसूत्राची पण वेगवेगळ्या रचनेची रूपे असतात. साधारण ६० ते ७० टक्के आल्फा, ५ ते १२ टक्के बीटा, ६ ते १० टक्के डेल्टा आणि अवघे १० ते १५ टक्के गॅमा. कीटक मारण्याचा गुण मुख्यतः गॅमामध्ये असतो आणि शुद्ध गॅमालाच लिंडेन म्हणतात. गॅमाचे प्रमाण १० टक्के धरले, तर एक टन लिंडेन मिळवताना नऊ टन इतर रूपे मागे उरतात. प्रत्यक्ष कारखान्यांतून हे प्रमाण एका टनाला ८ ते १२ टन असे आढळले आहे. जगभरात साठलेल्या अशा कचऱ्याचा अंदाज ४० ते ७० लाख टनांचा आहे. दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २००९ मध्ये लिंडेनबरोबर आल्फा आणि बीटा एचसीएच ही नावेही स्वतंत्रपणे घातली गेली ती याच कारणाने: मालाइतकाच, किंबहुना मालापेक्षा, त्याचा उकिरडा मोठा होता.

स्पेनमधील साबिन्यानिगो गावाजवळ लिंडेनचा कारखाना १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडला, पण त्याच्या कचऱ्याचे ढीग मागे राहिले. २०१४ मध्ये, म्हणजे सुमारे पाव शतकानंतर, त्यातील विष गायेगो नदीत उतरले आणि खालच्या अंगाच्या गावांचे पिण्याचे पाणी बंद करावे लागले. आपल्या देशात लखनौजवळच्या उम्मरी गावातील एचसीएचच्या ढिगावर दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक वर्षे काम केले आहे. इटलीत रोमच्या दक्षिणेला साक्को नदीच्या खोऱ्यात २००५ मध्ये बीटा एचसीएचचा पत्ता लागला तो गाईच्या दुधात. कारखाना, नदी, नदीकाठचा चारा आणि दूध अशी ती साखळी होती, आणि तिचे शेवटचे टोक प्रथम हाती आले.

प्रत्येक कीटकनाशकाचे प्रमाण अर्थातच लिंडेनइतके विलक्षण नसते. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गनोफॉस्फरस वर्गातल्या औषधांत ऊर्ध्वपातनानंतर भांड्याच्या तळाशी उरणारा डांबरासारखा अवशेष, वापरून झालेले द्रावक, क्षारयुक्त सांडपाणी आणि सांडपाणी प्रकल्पातला गाळ असे प्रवाह निघतात. हे आकडे अंदाजाने काढण्याची गरज नसते. मूळ स्वरूपातील, म्हणजे टेक्निकल दर्जाचे, कीटकनाशक तयार करणाऱ्या कारखान्याला २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार केंद्राची पर्यावरणीय मंजुरी लागते आणि त्यासाठीच्या अहवालात प्रत्येक उत्पादनाचा वस्तुमान ताळेबंद द्यावा लागतो. किती कच्चा माल आत गेला, किती उत्पादन बाहेर आले आणि उरलेले कोणत्या रूपात गेले याचा तो तक्ता असतो. हे अहवाल केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर सापडतात. तक्त्यातला ‘अवशेष’ हा शब्द शोधा आणि एका टन उत्पादनामागे तो किती किलो दाखवला आहे ते वहीत उतरवा. या एका आकड्याला मी सगळ्यात जास्त किंमत देतो, कारण तो कारखान्यानेच, मंजुरी मागताना, स्वतःच्या हाताने लिहून दिलेला असतो.

इथे एक फरक लक्षात ठेवा. टेक्निकल माल बाहेरून आणून त्यात द्रावक किंवा पूड मिसळून बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात प्रक्रियेचा अवशेष जवळपास नसतो. तिथे रिकामी पिंपे, धुवणाचे पाणी आणि मुदतबाह्य माल पाहायचा असतो. फाटकावरच्या नावावरून कारखाना कोणत्या प्रकारचा आहे हे कळत नाही, प्रदूषण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रातल्या उत्पादनांच्या यादीवरून कळते.

कोणता आकडा कोणत्या कागदावर

धोकादायक कचऱ्याचा मुख्य कायदेशीर आधार म्हणजे २०१६ चे धोकादायक व इतर कचरा व्यवस्थापन नियम. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत उद्योगांच्या प्रक्रियांना क्रमांक दिले आहेत आणि कीटकनाशकांचा क्रमांक २९ आहे. २९.१ म्हणजे प्रक्रियेतील कचरा व अवशेष, २९.२ कीटकनाशकाचा अंश असलेला गाळ, २९.३ मुदतबाह्य किंवा दर्जात न बसलेला माल, २९.४ वापरलेले द्रावक. याखेरीज ३३.१ खाली दूषित पिंपे व पिशव्या, ३५.३ खाली सांडपाणी प्रक्रियेतील रासायनिक गाळ आणि ३७.२ खाली भट्टीची राख येते. हे क्रमांक पाठ झाले की शंभर पानांची फाईल चाळायला फार वेळ लागत नाही.

गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय साळगाव येथे आहे. कारखान्याला मंडळाकडून जल व वायू कायद्यांखालील संमती आणि धोकादायक कचऱ्यासाठी वेगळे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. प्राधिकारपत्रात प्रत्येक क्रमांकाखाली वर्षाला किती टन कचरा निर्माण करता येईल आणि त्याची विल्हेवाट कुठे लावायची ते नमूद असते. प्रत्यक्ष काय घडले हे नमुना ३ (म्हणजे फॉर्म ३) मधील दैनंदिन नोंदवहीत आणि नमुना ४ मधील वार्षिक विवरणात येते. वार्षिक विवरण पुढल्या ३० जूनपर्यंत मंडळाकडे पोहोचावे लागते. पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे असते, त्यात वर्षभराचे उत्पादन आणि कचरा शेजारी शेजारी येतात. पर्यावरणीय मंजुरी असलेल्या कारखान्याचा सहामाही अनुपालन अहवालही असतो.

आता हे कागद एकमेकांसमोर धरा. समजा, मूल्यांकन अहवालानुसार एका टन उत्पादनामागे ३०० किलो अवशेष अपेक्षित आहे आणि पर्यावरण विवरणपत्रात वर्षाचे उत्पादन ४०० टन दाखवले आहे. मग अवशेष १२० टन निघायला हवा. वार्षिक विवरणात २९.१ खाली ७० टनच असतील, तर ५० टनांची तूट झाली. ही तूट म्हणजे गुन्हा, असे लगेच समजू नये. प्रक्रिया सुधारलेली असू शकते; द्रावक परत मिळवण्याची नवी सोय झालेली असू शकते; गाळातील ओलावा वाळवल्याने वजन घटलेले असू शकते; त्या वर्षी वेगळेच उत्पादन जास्त घेतलेले असू शकते. यातले प्रत्येक कारण खरे असेल तर त्याची खूण दुसऱ्या एखाद्या कागदावर उमटलेली असतेच: द्रावक परत मिळवला असेल तर त्याची खरेदी कमी झालेली दिसेल, गाळ वाळवला असेल तर त्याच्या यंत्राचा उल्लेख संमतीपत्रात असेल. खूण कुठेच सापडत नसेल, तेव्हा प्रश्न विचारायची वेळ आली असे समजावे. उलट, तीन वर्षे लागोपाठ कचऱ्याचा आकडा अगदी तोच आणि उत्पादन मात्र कमीजास्त, असे दिसले तरी थांबावे. प्रक्रियेचा अवशेष असा वर्षानुवर्षे शिस्तीत एकाच वजनाचा निघत नाही.

मॅनिफेस्टच्या सात प्रती

कारखान्यातून धोकादायक कचऱ्याची गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्याबरोबर नमुना १० चे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या खेपेचा वाहतूक-कागद, असते. त्याच्या सात रंगांच्या सात प्रती आहेत आणि त्या कोणाकडे जातात हे माहीत असेल तर तपासाचे अर्धे काम होते. पांढरी प्रत पाठवणारा मंडळाला पाठवतो. पिवळी तो चालकाची सही घेऊन स्वतःकडे ठेवतो. बाकीच्या पाच गाडीबरोबर जातात. माल उतरल्यावर गुलाबी प्रत घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला जाते, निळी पाठवणाऱ्याकडे परत येते आणि करडी, पाठवणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर, त्या राज्याच्या मंडळाला जाते. गोव्याच्या दृष्टीने करडी प्रत महत्त्वाची. राज्याबाहेर गेलेल्या कचऱ्याची करडी प्रत साळगावला आली नसेल, तर पत्रादेवी, मोले, केरी किंवा पोळ्याच्या नाक्यापलीकडे गाडीचे काय झाले याला कागदोपत्री उत्तर नाही.

एक मॅनिफेस्ट हातात घेऊन सावकाश वाचा. वर पाठवणाऱ्याचा प्राधिकार क्रमांक आणि त्याची मुदत. खाली वाहनाचा प्रकार आणि नोंदणी क्रमांक. द्रवरूप कचरा आहे आणि वाहन उघड्या हौद्याचा ट्रक आहे, असे तर नाही ना ते पाहा. मग कचऱ्याचे वर्णन, भौतिक स्वरूप, पिंपांची संख्या आणि एकूण वजन. दोनशे लिटरच्या चाळीस पिंपांत डांबरी अवशेष भरला असेल तर वजन साधारण आठ टनांच्या आसपास यायला हवे. तिथे तीन टन लिहिले असेल तर पिंपे रिकामी होती किंवा आकडा चुकला, आणि दोन्ही गोष्टी विचारण्याजोग्या आहेत. वजनकाट्याची पावती सोबत मागा. पाठवणाऱ्याचे वजन आणि घेणाऱ्याचे वजन यांत थोडा फरक पडतोच, पण तो दर खेपेला एकाच दिशेने पडत असेल तर त्याची नोंद करा. शेवटी तारखा: निघाल्याची आणि पोहोचल्याची. गोव्यातून शेजारच्या राज्यातील विल्हेवाट केंद्रावर जायला लागणाऱ्या वेळेपेक्षा चार दिवस जास्त गेले असतील तर मधे गाडी कुठे होती?

राज्याबाहेर अंतिम विल्हेवाटीसाठी कचरा पाठवायचा असेल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचे ना हरकत पत्र लागते. पुनर्वापरासाठी किंवा सिमेंटच्या भट्टीत सहप्रक्रियेसाठी (इंधनासोबत जाळण्यासाठी) पाठवायचा असेल तर दोन्ही मंडळांना केवळ कळवायचे असते. गोव्यात पूर्वी स्वतःचे केंद्र नसल्याने असा कचरा बाहेरच जात असे. आता सत्तरीतील पिसुर्ले येथे धोकादायक कचऱ्याचे सामायिक विल्हेवाट केंद्र आहे. त्यामुळे जुन्या आणि नव्या वर्षांचे कागद तपासताना मुक्काम बदललेला दिसेल, त्याने गोंधळू नये. मात्र कोणता प्रवाह कुठे गेला हे बघावेच. क्लोरीनयुक्त सेंद्रिय अवशेष नुसता पुरून टाकणे योग्य नव्हे. तो सुमारे ११०० अंश सेल्सिअस तापमानात, वायूंना किमान दोन सेकंद त्या उष्णतेत ठेवून, जाळावा लागतो.

कचरा आवारात साठवण्याची सर्वसाधारण मर्यादा ९० दिवसांची आहे. बंद पडणाऱ्या किंवा मालकी बदलणाऱ्या कारखान्यांत हीच मर्यादा मोडली जाते. कुंकळ्ळी औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या जस्ताच्या कारखान्याच्या आवारात धोकादायक कचरा वर्षानुवर्षे पडून राहिला होता. ते कीटकनाशक नव्हते. परंतु कारखाना बंद पडला की कचऱ्याला धनी उरत नाही, ही गोष्ट तिथे सर्वांनी पाहिली. म्हणून उत्पादन थांबवण्याची बातमी आली की त्याच आठवड्यात शेवटच्या साठ्याचा आकडा मागून ठेवावा.

पिंपे आणि भंगार

रिकामी पिंपे हा स्वतंत्र माग आहे. गोव्यात रस्त्याकडेला भंगाराचे अड्डे आहेत आणि निळी प्लास्टिकची पिंपे बांधकामावर पाणी साठवायला सर्रास विकत घेतली जातात. ३३.१ खालील पिंप अधिकृत ठिकाणी धुऊन निर्विष केल्याशिवाय कोणाच्याही हाती जाऊ नये. अड्ड्यावर असे पिंप दिसले तर त्यावरचे लेबल, बॅच क्रमांक आणि धोक्याचे चिन्ह यांचे छायाचित्र दुरून घ्यावे. झाकण उघडू नये, वास घेऊन पाहू नये, पिंप आडवे करू नये. मोनोक्रोटोफॉससारखी औषधे नुसत्या त्वचेतून शरीरात जातात. घाम, लाळ, उलटी, बारीक झालेली बुबुळे, अंगात थरथर अशी लक्षणे कोणाला दिसली तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, १०८ ला फोन करावा आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात नेताना लेबलचे छायाचित्र डॉक्टरांना दाखवावे.

नमुना घ्यायचाच असेल तर

कागदांनी दिशा दाखवल्यावरच पाण्याकडे वळावे. काय शोधायचे आहे त्यावर कुठे शोधायचे हे ठरते. मोनोक्रोटोफॉस पाण्यात सहज विरघळते. ते गाळात बसून राहत नाही, म्हणून सांडपाण्याच्या किंवा ताज्या पाण्याच्या नमुन्यात आणि लवकर शोधावे लागते. एचसीएच, डीडीटी, एंडोसल्फान ही क्लोरीनयुक्त कुटुंबातली रसायने पाण्यात नाममात्र विरघळतात. ती गाळात, चरबीत आणि दुधात साठतात. अशा वेळी ओहोळाच्या पाण्यात काही सापडले नाही म्हणून निर्धास्त होणे चुकीचे ठरेल.

गोव्याच्या भूमीचे दोन विशेष इथे उपयोगी पडतात. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे आणि पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे पठारावरच्या वसाहतीत जमिनीवर सांडलेले पायथ्याच्या विहिरीत आणि झरीत अनपेक्षितपणे लवकर पोहोचू शकते. उघड्यावर ठेवलेल्या पिंपांची तपासणी म्हणून मे महिन्यातच मागावी. दुसरे म्हणजे खाजन, म्हणजे नदीकाठची बांध घातलेली सखल जमीन. मांडवी, झुवारी आणि कुंभारजुवे कालव्याच्या काठच्या खाजनांत भरतीचे पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारांतून, आत येते आणि ओहोटीला बाहेर जाते. मानशीच्या आतल्या बाजूच्या पोयीत, म्हणजे डबक्यासारख्या खोलगट भागात, पाणी संथ होऊन बारीक गाळ बसतो. वरच्या अंगाला कारखाना असेल तर नदीच्या मुख्य प्रवाहापेक्षा या पोयीतला वरचा पाच सेंटिमीटरचा गाळ जास्त सांगतो. मानशीचे काम पाहणारे आणि तिथे तिसऱ्या, खुबे वेचणाऱ्या बायका यांना कोणत्या ऋतूत पाण्याला वास येतो, कधी मासे तरंगतात हे नेमके ठाऊक असते. त्यांच्या सांगण्यावरून जागा आणि दिवस ठरवावा.

गाळ स्टीलच्या चमच्याने घ्यावा, ॲल्युमिनियमच्या फॉइलने झाकलेल्या काचेच्या बरणीत भरावा. पाणी गडद तपकिरी काचेच्या बाटलीत काठोकाठ घ्यावे. साधे प्लास्टिक वापरू नये. बाटली बर्फात, साधारण ४ अंशांवर ठेवून तपासणीची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत लगेच पोहोचवावी, कारण पाण्याच्या नमुन्यातून रसायन वेगळे काढण्याचे काम सात दिवसांत व्हावे लागते. कारखान्याच्या वरच्या अंगाचा एक नमुना तुलनेसाठी घ्यावाच. जागा, वेळ, भरती की ओहोटी आणि नमुना कोणाकोणाच्या हातून गेला हे सहीनिशी लिहून ठेवावे.

निकाल हाती आला की केवळ ‘सापडले’ एवढ्यावर थांबू नये, रूपांचे आपसातले प्रमाण पाहावे. गॅमा जास्त आणि बाकी नगण्य असेल तर कोणीतरी लिंडेन वापरले असण्याची शक्यता असते. आल्फा भरपूर, बीटा ठळक आणि गॅमा फारच थोडे असेल तर ते उत्पादनातल्या टाकाऊ भागासारखे दिसते. जुन्या साठ्यात बीटा टिकून राहते, बाकीची रूपे तुलनेने लवकर झिजतात. डीडीटीच्या बाबतीत ऑर्थो-पॅरा रूपाचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळले तर ते डायकोफॉल या दुसऱ्या कीटकनाशकातून आलेले असू शकते, कारण डायकोफॉल डीडीटीपासूनच तयार केले जाई. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये लिंडेनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम, बीटा आणि डेल्टा एचसीएचची ०.०४, आल्फाची ०.०१ आणि मोनोक्रोटोफॉसची १ मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेची मोजण्याची खालची मर्यादा याहून मोठी असेल तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही अर्थ नाही. पैसे भरण्यापूर्वीच ती विचारून घ्यावी.

नागरिकाने घेतलेला नमुना हा इशारा असतो. न्यायालयात टिकणारा नमुना कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, कारखानदाराला सूचना देऊन, ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. म्हणून आपला निकाल वर्तमानपत्रात देण्याआधी मंडळाला देऊन अधिकृत नमुन्याची लेखी मागणी करावी.

अर्ज आणि तक्रार

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘प्रदूषणाची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले की उत्तरही तितकेच मोघम येते. अर्ज असा लिहावा: ‘अमुक वसाहतीतील अमुक भूखंडावरील कारखान्याचे चालू प्राधिकारपत्र, गेल्या तीन आर्थिक वर्षांची नमुना ४ मधील विवरणे, याच काळात प्रवाह २९.१, २९.२, २९.३ व ३३.१ साठी प्राप्त झालेल्या मॅनिफेस्टच्या पांढऱ्या, हिरव्या आणि करड्या प्रती, तसेच तपासणी अहवाल यांच्या प्रती द्याव्यात, आणि संबंधित फाईल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी द्यावी.’ उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. व्यापारी गुपिताचे कारण देऊन नकार आला तर प्रथम अपील करावे आणि दोन मुद्दे मांडावेत. उत्पादनाची कृती गुपित असू शकते, कचऱ्याचे वजन आणि मुक्काम नव्हे. आणि गुपित भाग झाकून उरलेला कागद देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. संमतीच्या अटींची नोंदवही जल कायद्याखाली बाधित व्यक्तीला पाहता येते, तिच्यासाठी वेगळ्या अर्जाची वाट पाहू नये. शिवाय कारखान्याच्या फाटकाबाहेर धोकादायक रसायने आणि कचऱ्याची माहिती देणारा फलक लावण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच दिला आहे. तो फलक आहे का, त्यावरची तारीख कोणत्या महिन्याची आहे, हे रस्त्यावरूनच पाहता येते.

तक्रार लिहिताना कोणावर आरोप करण्याऐवजी तफावत मांडावी: या कागदावर हा आकडा, त्या कागदावर तो, मधला फरक इतका, आणि त्याचा खुलासा व्हावा. कारखान्यात काम करणारे लोकही आपल्याच गावातले असतात आणि या विषाचा पहिला स्पर्श त्यांनाच होतो. त्यांच्याशी वैर धरून हे काम होत नाही आणि होऊ नये. पंचायतीच्या बैठकीत ठराव घेतला तर तक्रारीचे वजन वाढते. मंडळाकडून दाद मिळाली नाही तर गोव्यातील प्रकरणे राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातील पश्चिम विभागीय पीठापुढे जातात. वादाचे कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, नुकसानभरपाईसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे. सहा महिने फार लवकर सरतात, म्हणून तफावत प्रथम लक्षात आली तो दिवस आणि मंडळाला दिलेल्या पहिल्या पत्राची पोच वेगळ्या फाईलमध्ये ठेवावी.

प्राधिकारपत्राची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षांची असते. नूतनीकरणाचा अर्ज मंडळापुढे येण्याच्या काही महिने आधी आपला तीन वर्षांचा तक्ता लेखी स्वरूपात मंडळाला सादर करावा आणि नव्या प्राधिकारपत्रात प्रत्येक खेपेच्या वजनपावतीची अट घालण्याची विनंती करावी.